डिस्ट्रो बदलण्याआधी दोष कुठल्या थरात आहे ते पाहावे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर लिनक्स या संगणकप्रणालीबद्दल आणि तिच्या डिस्ट्रोंबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधून दिलेल्या तिच्या संचांबद्दल, जे काही छापून येते, त्यात ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम डिस्ट्रो’, ‘जुन्या लॅपटॉपसाठी सर्वात हलकी डिस्ट्रो’ अशा धर्तीच्या याद्यांचा भरणा मोठा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सारख्या अटी असल्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्या वाटेने पुढे जाऊ शकले नाहीत. अशा लॅपटॉपचे मालक आता लिनक्सकडे पाहत आहेत आणि त्यांच्या हाती पहिल्यांदा पडतात त्या याच याद्या. मग चालती डिस्ट्रो पुसायची, यादीतली वरच्या क्रमांकाची टाकायची, काही आठवड्यांनी तिच्यातही काही खटकले की तीही पुसायची, असे चक्र सुरू होते. या चक्रात वेळ जातो, कधी कधी कामाच्या फायली जातात, आणि शेवटी ‘लिनक्स आपल्यासाठी नाही’ असा ग्रह होऊन माणूस तिथून निघून जातो. तो तसा जाऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे आहे की, ज्या त्रासाला कंटाळून लोक डिस्ट्रो बदलतात तो त्रास बहुतेक वेळा डिस्ट्रोचा नसतोच. तो ज्या थरात असतो तो थर सगळ्या डिस्ट्रोंना सामाईक असतो, आणि त्यामुळे डिस्ट्रो बदलली तरी त्रास जिथल्या तिथे राहतो. याउलट डिस्ट्रोंमध्ये ज्या बाबतीत खरा आणि दूरगामी फरक असतो, त्याविषयी या याद्या एक अक्षरही सांगत नाहीत. ‘डिस्ट्रोवॉच’ या २००१ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावरची क्रमवारी तर लोकप्रियतेचा पुरावा म्हणून सर्रास उद्धृत केली जाते. पण त्या त्या डिस्ट्रोचे पान किती वेळा उघडले गेले एवढेच ती क्रमवारी मोजते, आणि हे त्या संकेतस्थळानेच स्पष्ट केलेले आहे. पान उघडणाऱ्याच्या लॅपटॉपवर ती डिस्ट्रो आहे की नाही, आणि असली तर ती सुखाने चालते की नाही, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

मुळात डिस्ट्रोत काय काय असते ते पाहू. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा गाभा, सगळ्यांच्या मुळाशी असतो. त्याच्यावरची पायाभूत साधने मोठ्या प्रमाणात रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आलेली असतात. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई हे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारे रूप, स्वतंत्र गट तयार करतात; फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांचे कर्तेही वेगळेच. यातले काय घ्यायचे, कुठली आवृत्ती घ्यायची, ती पॅकेजच्या, म्हणजे बसवायला तयार गठ्ठ्याच्या, रूपात कशी बांधायची, किती तपासायची, केव्हा बदलायची आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ पोचवत राहायच्या, हे ठरवणे आणि वर्षानुवर्षे निभावणे हे डिस्ट्रोचे काम. १९९३ मध्ये सुरू झालेल्या स्लॅकवेअर आणि डेबियन आजही चालू आहेत. २००४ ची उबुंटू डेबियनवर उभी आहे आणि २००६ ची लिनक्स मिंट उबुंटूवर. म्हणजे उबुंटूवरून मिंटवर गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर वरचा देखावा बदलतो, काही धोरणे बदलतात, पण खालची बहुतेक पॅकेजे उबुंटूच्याच भांडारातून येत राहतात. हे ठाऊक नसेल तर माणूस एकाच घराण्यातल्या डिस्ट्रोंमध्ये फिरत राहतो आणि आपण सगळे करून पाहिले असे समजतो.

सामाईक थरातला दोष कसा असतो याचे एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण डिस्ट्रो सोडण्याची जी कारणे ऐकू येतात त्यांत याचा नंबर बराच वर लागतो. लॅपटॉपचे झाकण मिटून तो पिशवीत ठेवला, काही तासांनी काढला, तर बॅटरी निम्म्यावर आलेली आणि यंत्र हाताला कोमट लागते. ‘या डिस्ट्रोत सस्पेंड नीट चालत नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस दुसरी डिस्ट्रो टाकतो. खरा प्रकार असा आहे की जुन्या लॅपटॉपमध्ये झोपेची जी पद्धत असे, तिच्यात फक्त मेमरीला वीज मिळत राही आणि बाकी जवळजवळ सगळे बंद होई. अलीकडच्या अनेक लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून (उत्पादकाने यंत्रातच बसवलेल्या प्रोग्राममधून) ती पद्धत काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी अशी झोप असते, जिच्यात प्रोसेसर पूर्ण बंद न होता अगदी कमी विजेवर स्वस्थ राहतो आणि प्रत्येक उपकरणाने आपापले स्वस्थ व्हावे अशी अपेक्षा असते. त्यांतले एखादे उपकरण, मग ते वायफाय कार्ड असो की एसएसडी, स्वस्थ झाले नाही की बॅटरी उतरत जाते.

आपल्या यंत्रात कोणती पद्धत आहे हे पाहायला कुठलीही डिस्ट्रो पुसावी लागत नाही. ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’ या उपफोल्डरात ‘मेम_स्लीप’ (/sys/power/mem_sleep) नावाची एका ओळीची फाइल असते. तिच्यात ‘एसटूआयडल’ (s2idle, नवी पद्धत) आणि ‘डीप’ (deep, जुनी पद्धत) असे दोन शब्द दिसले, तर चौकटी कंसात जो शब्द आहे ती पद्धत सध्या चालू आहे आणि दुसरीही उपलब्ध आहे. ‘डीप’ हा शब्द तिथे नसेलच, तर फर्मवेअरने ती सोय कर्नलला देऊच केलेली नाही, आणि मग जगातली कुठलीही डिस्ट्रो ती आणून देऊ शकत नाही. अशा वेळी बायोसची, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ फर्मवेअरची, नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे, बायोसच्या मांडणीत झोपेच्या पद्धतीचा पर्याय आहे का ते तपासावे, किंवा सरळ हायबरनेटची (मेमरीतले सगळे डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद करण्याची) व्यवस्था करावी. अनेक उत्पादकांची फर्मवेअर अपडेटे ‘एफडब्ल्यूअपडी’ या साधनाद्वारे लिनक्समधूनच बसवता येतात, आणि ते साधन जवळपास सगळ्या प्रमुख डिस्ट्रोंत सारखेच चालते. फाइल वाचायला मिनिटही लागत नाही. नवी डिस्ट्रो टाकून ती आपल्या सवयीची करायला मात्र सुटीचा अख्खा दिवस जातो आणि झोपेचा प्रश्न तसाच उरतो.

याच्या उलट, डिस्ट्रो बदलणे खरोखरच योग्य ठरते अशीही उदाहरणे आहेत. लॅपटॉप बाजारात नुकताच आलेला असेल, त्यातली वायफायची चिप नवी असेल आणि तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) कर्नलच्या अलीकडच्या आवृत्तीतच आलेला असेल, तर जुना कर्नल घेऊन चालणाऱ्या डेबियन स्टेबलवर (डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर) ते वायफाय दिसणार नाही आणि फेडोरावर पहिल्याच बूटला दिसेल. हा फरक खरा आहे. पण इथेही आधी पाहण्यासारखे काही आहे: डेबियनमध्ये ‘बॅकपोर्ट्स’ या भांडारातून नवा कर्नल घेता येतो आणि उबुंटूच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्यांना नव्या हार्डवेअरसाठी वेळोवेळी नवा कर्नल दिला जातो. ज्याला बाकी सगळे डेबियनचे आवडते आहे, त्याने एका चिपसाठी सगळे घर मोडण्याचे कारण नाही. शिवाय चिपला ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरची वेगळी फाइल लागते, आणि डेबियनच्या अधिकृत प्रतिमेत (जिच्यावरून डिस्ट्रो बसवतात त्या फाइलमध्ये) अशा मुक्त नसलेल्या फर्मवेअर फायली २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट होऊ लागल्या. त्याआधीच्या अनुभवावरून ‘डेबियनवर वायफाय चालत नाही’ असे जे अजूनही लिहिले जाते, ते आता जुने झाले आहे.

डेस्कटॉपचे रूप आवडत नाही म्हणून डिस्ट्रो बदलण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंत दुसरा डेस्कटॉप पॅकेज म्हणून बसवता येतो आणि लॉगिनच्या पडद्यावर तो निवडता येतो.

आता जिथे डिस्ट्रोंचा खरा वेगळेपणा आहे त्या गोष्टीकडे येतो. माझ्या मते ती गोष्ट म्हणजे कालमान: नवी आवृत्ती केव्हा येते आणि ती किती काळ सांभाळली जाते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तिला सुमारे तीन वर्षे पूर्ण पाठिंबा असतो आणि पुढे दीर्घ पाठिंब्याची आणखी दोन वर्षे मिळतात. मधल्या काळात पॅकेजांच्या आवृत्त्या जवळपास गोठवलेल्या असतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. उबुंटूची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे प्रमाणित पाठिंबा असतो, पण तिच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिने सांभाळते, म्हणजे वर्षातून एकदा तरी आवृत्ती बदलण्याचे काम वापरणाऱ्याने अंगावर घेतलेलेच असते. आर्च आणि ओपनसुसे टम्बलवीड यांना आवृत्तीच नसते. त्या अखंड पुढे सरकत राहतात.

अखंड सरकणाऱ्या डिस्ट्रोचा मोह मोठा असतो, कारण तिथे सगळे ताजे मिळते. तिच्याबरोबर येणारी जबाबदारी मात्र याद्यांमध्ये लिहिलेली नसते. आर्चवर एखादेच पॅकेज नवे करून बाकीची जुनी ठेवणे हा प्रकार समर्थित नाही. करायचे तर सगळे एकदम अपडेट करायचे, आणि करण्यापूर्वी आर्चच्या मुख्य पानावरच्या बातम्या वाचायच्या, कारण हाताने काही बदल करावा लागणार असेल तर तो तिथेच सांगितलेला असतो. लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून राहिला आणि मग एकदम अपडेट करायला घेतला, तर पॅकेजांवरच्या डिजिटल सह्या तपासणाऱ्या किल्ल्या जुन्या झालेल्या असतात आणि नवी पॅकेजे नाकारली जातात. आधी किल्ल्यांचे पॅकेज नवे करून मग पुढे जावे लागते. ज्याला हे आवडते, त्याच्यासाठी आर्चसारखी शिकवणारी दुसरी डिस्ट्रो क्वचितच सापडेल, आणि तिचा विकी इतर डिस्ट्रो वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडतो. पण ज्याचा लॅपटॉप महिन्यातून एखाद-दोनदाच उघडतो, त्याला ‘वेगवान’ आणि ‘ताजी’ एवढ्या विशेषणांवर ती डिस्ट्रो सुचवणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. सल्ला देणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा की, अपडेटकडे लक्ष द्यायला तुम्हाला किती सवड आहे.

कालमानाच्या खालोखाल महत्त्व धोरणाला आहे. उबुंटूने फायरफॉक्स स्नॅप या, म्हणजे तिच्या स्वतःच्या वेगळ्या पॅकेजप्रकाराच्या, स्वरूपात देण्यास सुरुवात केली. मिंटने मात्र २०२० च्या आपल्या २० व्या आवृत्तीपासून स्नॅपची व्यवस्था आपसूक बसू नये अशी तजवीज केली आणि फायरफॉक्सचे साधे पॅकेज ती स्वतः पुरवते. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत, आणि मला स्वतःला मिंटचा निर्णय वापरणाऱ्याच्या बाजूचा वाटतो. फेडोरा काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे प्रोग्राम) पेटंटच्या कारणाने स्वतः देत नाही, त्यामुळे ते ‘आरपीएम फ्युजन’ या वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस ‘फेडोरावर व्हिडिओ चालत नाहीत’ म्हणून ती सोडतो. माहीत असलेला भांडार जोडून काही मिनिटांत पुढच्या कामाला लागतो.

डिस्ट्रोच्या मागे कोण उभे आहे हाही प्रश्न विचारायला हवा. अँटेरगॉस ही आर्चवर आधारलेली, देखणी आणि सोपी डिस्ट्रो चालवणाऱ्यांना वेळ देणे शक्य होईना म्हणून २०१९ मध्ये बंद झाली. सेंटॉस लिनक्स ८ चा पाठिंबा २०२९ पर्यंत चालेल असे लोक धरून चालले होते, पण डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ च्या अखेरीस संपेल असे जाहीर झाले आणि तसा तो संपला. ती डिस्ट्रो मुख्यतः सर्व्हरवर चालणारी होती, तरी धडा लॅपटॉपवाल्यालाही लागू आहे: स्वतः काही चूक न करताही एखाद्या दिवशी डिस्ट्रो बदलावी लागू शकते. मिंटच्या मंडळींनी याची जाण ठेवून थेट डेबियनवर आधारलेली ‘एलएमडीई’ नावाची आवृत्ती सांभाळून ठेवली आहे. उद्या उबुंटू उपलब्ध राहिली नाही तरी मिंट चालू राहावी हा तिचा जाहीर हेतू आहे. डिस्ट्रो चालवणारेच जर निघण्याची तयारी ठेवून असतात, तर वापरणाऱ्याने ती का ठेवू नये?

ही तयारी कशी ठेवायची, हे मला वाटते वृत्तपत्रांनी सगळ्यात आधी छापायला हवे. होम फोल्डर (वापरणाऱ्याच्या फायलींचे फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, ठेवावे, म्हणजे डिस्ट्रो बदलली तरी फायली जागच्या जागी राहतात, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. होममध्ये केवळ कागदपत्रे आणि छायाचित्रे नसतात. तिथे टिंबाने सुरू होणारी, एरवी न दिसणारी फोल्डरे असतात आणि त्यांत प्रत्येक प्रोग्रामच्या मांडणीच्या नोंदी असतात. आर्चवर किंवा फेडोरावर वापरलेले होम जसेच्या तसे डेबियन स्टेबलला जोडले, तर फायरफॉक्स उघडताच सांगतो की हे प्रोफाइल याहून नव्या आवृत्तीने वापरलेले आहे आणि नवे प्रोफाइल तयार करा. कारण डेबियन फायरफॉक्सची दीर्घ पाठिंब्याची, म्हणजे मागची आवृत्ती देते, आणि २०१९ पासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीचे प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही. वापरणाऱ्याला वाटते की जपून ठेवलेल्या खुणा (बुकमार्क) आणि पासवर्ड गेले. ते गेलेले नसतात, जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरात सुखरूप असतात. पण त्या क्षणी जी धास्ती बसते ती खरी असते, आणि घाईघाईत ते फोल्डर पुसून टाकण्याची हीच वेळ असते.

ग्नोममधून केडीईकडे गेलेल्या होममध्ये आयकॉन आणि फॉन्टच्या मांडण्या एकमेकींत मिसळून पडदा बेढब दिसतो. फेडोरावर, दुसऱ्या डिस्ट्रोत तयार झालेल्या फायलींना सेलिनक्सची (तिथल्या सुरक्षा व्यवस्थेची) लेबले नसतात आणि ती पुन्हा लावून घेतली नाहीत तर परवानग्यांच्या न कळणाऱ्या अडचणी येतात. म्हणून माझा आग्रह असा की, नव्या डिस्ट्रोवर होम नवेच तयार होऊ द्यावे आणि जुन्यातून आपली कागदपत्रे, छायाचित्रे, एसएसएचच्या (दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या) किल्ल्या, ईमेलचे प्रोफाइल अशा जाणून घेतलेल्या गोष्टीच निवडून आणाव्यात. प्रोग्रामची यादीही आधी काढून ठेवावी. डेबियनच्या घराण्यात ‘एपीटी-मार्क’, फेडोरावर ‘डीएनएफ’ आणि आर्चवर ‘पॅकमन’ या आज्ञांनी आपण स्वतः बसवलेल्या पॅकेजांची यादी मिळते. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवली की नव्या डिस्ट्रोवर काय काय बसवायचे ते आठवत बसावे लागत नाही. पॅकेजांची नावे ठिकठिकाणी थोडी निराळी असतात, तरी यादी वाचून पुढचे जमते. फ्लॅटपॅक या सगळ्या डिस्ट्रोंवर चालणाऱ्या पॅकेजप्रकारातून घेतलेल्या प्रोग्रामांचे आणखी सोपे आहे, कारण त्यांची माहिती होममधल्या ‘व्हार’ नावाच्या टिंबाच्या फोल्डरात एकत्र असते, ते फोल्डर आणले की प्रोग्राम पुष्कळदा आपली मांडणी घेऊनच उघडतो, आणि खाली डिस्ट्रो कुठलीही असली तरी आवृत्ती तीच मिळते.

वेगळे पार्टिशन म्हणजे बॅकअप, असा समज मात्र दूर करायलाच हवा. इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनच्या यादीत एक ओळ चुकीची निवडली गेली की होम आणि सिस्टिम दोन्ही एकाच डिस्कवरून जातात. मिंटबरोबर येणारे टाइमशिफ्ट हे साधन सिस्टिमच्या फायलींसाठी आहे आणि त्याच्या मूळ मांडणीत होम वगळलेले असते, हेही अनेकांना ठाऊक नसते. डिस्ट्रो बदलण्यापूर्वी फायलींची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेरच्या डिस्कवर असावी आणि त्या प्रतीतल्या दोन-चार फायली उघडून पाहिलेल्या असाव्यात. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेली असेल तर परवलीचे वाक्य आणि लक्स या एन्क्रिप्शन-व्यवस्थेच्या हेडरची (डिस्क उघडायला लागणाऱ्या माहितीची) प्रतही बाहेर ठेवलेली बरी.

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांनी आणखी सावध असावे. विंडोजने डिस्क बिटलॉकर या आपल्या एन्क्रिप्शनने बंद केलेली असेल, तर सिक्युअर बूटच्या (फक्त सही केलेले प्रोग्रामच बूट होऊ देणाऱ्या सोयीच्या) मांडणीला हात लावल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकते; ती की आधी लिहून ठेवावी. ईएफआयचे (बूटच्या फायलींचे) पार्टिशन दोघांचे सामाईक असते आणि त्यात प्रत्येकाचे वेगळे फोल्डर असते. इन्स्टॉलरमध्ये ते वापरायचे, पण फॉरमॅट करायचे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स सुरूच होईना, कारण त्या अपडेटने बूट करून देणाऱ्या ‘शिम’ या घटकाच्या जुन्या आवृत्त्या नाकारायला सुरुवात केली होती. हा प्रकार एकाच डिस्ट्रोचा नव्हता, वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर तो दिसला. तेव्हा ज्याने चिडून दुसरी डिस्ट्रो टाकली असेल, त्याला तिथेही जुना शिम असेल तर तोच अनुभव आला असणार.

डिस्ट्रोची आयएसओ फाइल (जिच्यावरून ती बसवतात) उतरवून घेतल्यावर तिचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) जुळवून पाहण्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून तिथला दुवा मागचे दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवण्यात आला होता, आणि त्या काळात ती फाइल उतरवून घेणाऱ्यांना सावध करण्याची वेळ प्रकल्पावर आली. चेकसम ज्या संकेतस्थळावर असतो तेच ताब्यात गेले तर तोही बदलला जाऊ शकतो, म्हणून चेकसमच्या फाइलवरची डिजिटल सहीसुद्धा तपासावी. हे काम किचकट वाटले तरी आपण अख्खा लॅपटॉप ज्या फाइलच्या हवाली करतो, तिच्यासाठी ते करणे रास्त आहे.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन, म्हणजे डिस्कवर काही न बसवता डिस्ट्रो, चालवून पाहणे ही लिनक्सने दिलेली फार मोठी सोय आहे, आणि ती नुसती देखावा पाहण्यात वाया जाते. लाइव्ह सेशनमध्ये आवाज, मायक्रोफोन आणि कॅमेरा तपासावा, ब्लूटूथचा हेडफोन जोडावा, बाहेरचा पडदा लावून पाहावा, झाकण मिटून पुन्हा उघडावे. जे इंग्रजीखेरीज अन्य लिपीत लिहितात त्यांनी आयबस किंवा एफसीआयटीएक्स५ या लेखनसाधनावर आपला कीबोर्ड जोडून लिब्रेऑफिसमध्ये आणि ब्राउझरमध्ये दोन्हीकडे एकेक परिच्छेद लिहून पाहावा. वेलँडवर (पडदा हाताळणाऱ्या नव्या व्यवस्थेवर) काही प्रोग्रामांत लेखनाची ही सोय अडते, तर काही ठिकाणी लिपीचा बरा फॉन्ट मूळ मांडणीत नसतो. देवनागरीत रोज लिहिणाऱ्याला जोडाक्षर तुटलेले दिसणे म्हणजे काय, हे त्यालाच माहीत. फॉन्टचा प्रश्न नोटो किंवा लोहितचे पॅकेज बसवून सुटतो, लेखनाचा प्रश्न कधी सुटतो, कधी सुटत नाही. पण तो लॅपटॉप पुसण्याआधी कळलेला बरा.

केवळ शिकण्याच्या ओढीने एकामागून एक डिस्ट्रो पाहणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. स्लॅकवेअर टाकून पाहिल्याशिवाय पॅकेजांची परस्परावलंबने आपली आपण सांभाळणे म्हणजे काय ते समजत नाही, आणि हाताने आर्च उभी केल्याशिवाय बूट होण्याची साखळी नीट कळत नाही. या शिक्षणासाठी व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) आहे, जुना लॅपटॉप आहे, बाहेरची एसएसडी आहे. ज्या एकाच लॅपटॉपवर आपले नोकरीचे, अभ्यासाचे किंवा लिखाणाचे काम चालते, त्यावर हे प्रयोग करू नयेत एवढीच माझी विनंती आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. यापुढे डिस्ट्रोंविषयी लेख छापताना प्रत्येक नावापुढे तिचा पाठिंबा कुठल्या महिन्यापर्यंत आहे, ती कोणत्या डिस्ट्रोवर आधारलेली आहे, तिच्यामागे कंपनी आहे की स्वयंसेवक, आणि तिच्यात कर्नलची कोणती आवृत्ती आहे, एवढे तरी द्यावे. ही माहिती त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत पानांवर मिळते. आणि विंडोज १० वरून येणाऱ्या वाचकांसाठी स्वतंत्र लेख करणार असाल, तर त्याची सुरुवात डिस्ट्रोच्या नावाने न करता फायलींची प्रत बाहेर कशी काढायची, बिटलॉकरची रिकव्हरी की कुठे सापडते आणि लाइव्ह सेशनमध्ये काय काय तपासायचे, इथून करावी. नाव त्यानंतर सुचवले तरी चालेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक